डॉक्टर ओरडले की वर बघावे

हॉलमध्ये एकत्र बसून आंतरराष्ट्रीय फुटबॉल बघणाऱ्या नवख्या रहिवाशांसाठी एक मार्गदर्शिका हवी, असं इमारतीच्या समितीने ठरवलं, आणि ती लिहायचं काम ज्यांच्याकडे आलं त्यांनी जन्मात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. ही गोष्ट त्यांनी लपवली असं नाही. त्यांना ती कुणी विचारली नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय त्यांना नव्हती.

इमारतीत त्यांना सगळे मॅन्युअलकाका म्हणत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका कारखान्यात काढली होती. तिथे पाण्याचे पंप, मिक्सर आणि कपडे धुण्याची यंत्रं तयार होत, आणि प्रत्येक खोक्यात यंत्राबरोबर जी पुस्तिका जाई ती काका लिहीत. 'वापरण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य त्यांच्याइतकं मनापासून कुणी लिहिलं नसेल आणि त्यांच्याइतकं वाया कुणाचं गेलं नसेल. त्यांनी स्वतः पंप कधी बसवला नव्हता. घरचा मिक्सरसुद्धा काकूच लावत. लिहिणाऱ्याने यंत्राला हात लावला की पुस्तिका बिघडते, असं काकांचं ठाम मत होतं. कारण मग त्याला सगळं सोपं वाटायला लागतं आणि वाचणाऱ्याला काय कळत नाही, ते त्याला कळेनासं होतं.

स्पर्धा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. आपला देश त्या स्पर्धेत नव्हता, त्यामुळे पाठिंबा कुणाला द्यायचा याची सगळ्यांना मोकळीक होती, आणि तीच खरी अडचण होती. कुणी भाचा नोकरीला आहे म्हणून एक देश धरला, कुणी शर्टाचा रंग बघून. एका घराने तर गोलरक्षकाचा भांग सरळ आहे एवढ्यावर आपली निष्ठा वाहिली. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला होता. पुढच्या रांगांत जाणकार बसत, मागच्या रांगांत नवखे. नवखे प्रश्न विचारत आणि जाणकार उसासे टाकत.

"हा काळ्या कपड्यातला कुणाच्या बाजूचा?" मागून विचारणा व्हायची.

"तो पंच आहे."

"मग त्याला कुणी चेंडू का देत नाही?"

जाणकारांचे म्होरके होते दुसऱ्या मजल्यावरचे कर सल्लागार. टीव्हीवरचा समालोचक बोलत असताना हे त्याच्या अर्धं वाक्य पुढे बोलत, म्हणून त्यांनाच समालोचक हे नाव पडलं होतं. समालोचकांनी समितीत तक्रार केली, की मागच्या रांगांमुळे खेळाचा आस्वाद घेता येत नाही. मागच्या रांगांनी उलट तक्रार केली, की पुढच्या रांगांमुळे टीव्ही दिसत नाही. समितीचे सचिव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. दोन्ही बाजूंच्या तक्रारी आल्या की एखादं पत्रक काढायचं, म्हणजे दोन्ही बाजू पत्रकाविरुद्ध एक होतात, हे तंत्र त्यांनी खात्यात आत्मसात केलं होतं.

ते काकांना लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "काका, तुम्ही लिहिणारे. नवख्यांना सगळं समजेल अशी एखादी मार्गदर्शिका करून द्या."

"मला इतर कामं आहेत," काका म्हणाले. त्यांना एकही काम नव्हतं.

"आत्ता नुसत्या झेरॉक्स काढू. पण अंतिम सामन्याला रीतसर छापून घेऊ. मुखपृष्ठ वगैरे. वर तुमचं नाव घालू."

काकांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं, ते सोडून दिलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काकांच्या पुस्तिका हजारो घरांत गेल्या, पण त्यांतल्या एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. तळाशी छापखान्याचं नाव असे. यंत्राची आकृती काढणाऱ्याची आद्याक्षरं कोपऱ्यात असत. आतल्या वॉशरलासुद्धा स्वतःचा क्रमांक असे. लिहिणाऱ्याला काही नसे. काकांनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती, पण काकूंना ठाऊक होतं, की दुकानात नवीन मिक्सर दिसला की हा माणूस आधी खोकं उघडून पुस्तिकेचं शेवटचं पान का बघतो.

"छापील म्हणजे ठळक अक्षरात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेवढ्या ठळक."

काकांनी काम घेतलं. त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अहो, पण तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"मला पंपातलं तरी काय कळत होतं?" काका म्हणाले, आणि या उत्तराने दोघांचंही समाधान झालं.

माहिती गोळा करायची त्यांची पद्धत जुनीच होती. जाणकाराकडे जायचं, तो काय बोलतो ते ऐकायचं आणि त्यातलं जे आपल्याला समजणार नाही ते वाचणाऱ्यालाही समजणार नाही असं धरून चालायचं. ते समालोचकांकडे गेले आणि ऑफसाइड म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. समालोचकांचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षं हा प्रश्न कुणीतरी नीट विचारावा म्हणून ते वाट बघत असावेत. त्यांनी टेबलावर कप मांडले. साखरेचं भांडं गोलरक्षक झालं. चमचे बचावपटू झाले. चेंडू म्हणून एक बिस्किट ठेवलं.

"आता बघा. हा कप पुढे पळतोय. ज्या क्षणी बिस्किट सुटलं, त्या क्षणी हा कप या चमच्याच्या पुढे असता कामा नये. बिस्किट पोचलं त्या क्षणी नव्हे. सुटलं त्या क्षणी. आलं लक्षात?"

"आणि चमचाच मागे सरकला तर?"

"तोच तर डाव असतो. आता समजा..." समालोचक थांबले. टेबलाकडे बघत राहिले. "काका, तुम्ही चेंडू खाल्लात."

काकांनी तोंड पुसलं. प्रतिष्ठेला धक्का लागला की ते नेहमी चष्मा काढून पुसत. पण आधी तोंड पुसावं लागल्यामुळे त्यांना चष्म्यापर्यंत पोचता आलं नाही. समालोचकांनी दुसरं बिस्किट ठेवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग तिसऱ्यांदा, जरा वेगळ्या कपांनी. घरी येऊन काकांनी लिहिलं:

'ऑफसाइड: हा दोष बाहेरून दिसत नाही. कडेच्या माणसाने झेंडा वर केल्यास आनंद त्वरित थांबवावा. कारण स्वतः शोधण्याचा प्रयत्न करू नये. जाणकाराशी संपर्क साधावा.'

हे वाचून समालोचकांनी नाक मुरडलं, पण नवखे खूश झाले. आजवर जो तो त्यांना ऑफसाइड समजावून सांगत होता. समजून घ्यायची गरज नाही, असं सांगणारा पहिलाच माणूस त्यांना भेटला होता.

पहिल्या आवृत्तीत असे सहा नियम होते. दुसरा नियम होता, 'आपला संघ शर्टाच्या रंगावरून ओळखावा.' त्याच संध्याकाळी तो अंगाशी आला. लाल शर्टवाल्यांचा सामना होता, आणि समोरच्यांचेही शर्ट लाल असल्यामुळे आपले लाल त्या दिवशी पांढरे घालून उतरले. मागच्या रांगांनी मार्गदर्शिका हातात धरून मध्यंतरापर्यंत परक्यांना प्राणपणाने पाठिंबा दिला. चूक कळल्यावर काही जणांनी बाजू बदलायला साफ नकार दिला. एवढा जीव लावल्यावर असं सोडून देणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकांनी शुद्धिपत्र काढलं: 'शर्टाचा रंग सूचना न देता बदलण्यात येतो.'

पुढच्या सामन्यात गोल झाला तेव्हा सचिव आणि समालोचक यांनी एकमेकांना मिठी मारली. गाड्या लावण्याच्या जागेवरून त्या दोघांत गेलं वर्षभर बोलणं नव्हतं. मिठी पडली आणि तेवढ्यात पंच गोल तपासायला मैदानाच्या कडेच्या पडद्यापाशी गेले. तपासणी चालू झाली. सोडावी तर गोल नाही असं कबूल केल्यासारखं, धरून ठेवावी तर किती वेळ, अशा पेचात ते दोघे उभे होते. शेवटी गोल रद्द झाला. दोघांनी हात काढून घेतले आणि आपापल्या खुर्च्यांत जाऊन बसले. काकांनी दुसऱ्या शुद्धिपत्रात तक्ताच दिला. 'तक्रार: गोल होऊनही आकडा बदलत नाही. संभाव्य कारण: पंच तपासणी करीत आहेत. उपाय: मिठी मारली असल्यास आहे त्या स्थितीत धरून ठेवावी, घट्ट आवळू नये.'

तक्ता लोकांना पाठ झाला. जिन्यात एकमेकांना लोक म्हणू लागले, "घट्ट आवळू नये बरं का." काकांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांचं लिहिलेलं कुणी यंत्र बिघडायच्या आधी वाचत होतं, आणि वर पाठ करत होतं. काकूंनी पाहिलं, की हल्ली हा माणूस लिफ्ट सोडून जिन्याने जातो.

सातव्या नियमाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो काकांनी कुणाला विचारून लिहिला नव्हता.

मागच्या रांगेत शिवणाचा क्लास चालवणाऱ्या एक बाई बसत. त्यांना शिवणबाई म्हणत. मांडीवर काम घेऊनच त्या येत. कुणाची पडद्यांची झालर, कुणाच्या शर्टाची बटणं. एकदा मध्यंतरात त्यांनी काकांना धरलं.

"काका, तुमची मार्गदर्शिका छान आहे, पण तिच्यात मुख्य गोष्टच नाही."

"कोणती?"

"बघायचं कधी? दीड-दोन तास चालतं हे. त्यात बघण्यासारखं असतं एवढुसं. मी सुईतून मान वर काढते तेव्हा नुसते इकडून तिकडे पळत असतात, आणि दोरा ओवायला लागले की नेमका गोल होतो. मान दुखायला लागली माझी. एकदाच काय ते सांगा, कधी बघू."

हा प्रश्न काकांना फार आवडला. यंत्र घेणारी माणसं असेच प्रश्न विचारतात आणि यंत्र बनवणाऱ्यांना ते कधीच सुचत नाहीत. त्या दिवसापासून काका सामन्याकडे पाठ करून, हॉलकडे तोंड करून बसू लागले. कोण कधी बघतं, कुणाला कशावरून कळतं, याचं निरीक्षण त्यांनी चालवलं. आणि एका संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं, की हॉलमध्ये गोल व्हायच्या आधी वर कुणीतरी ओरडतं.

हॉलच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, एक दंतवैद्य एकटेच राहत. माणूस इतका मवाळ, की दवाखान्यात पेशंटला 'आ करा' म्हणायचे तेसुद्धा विनंती केल्यासारखं. हॉलमध्ये ते कधी येत नसत. त्यांच्याकडे गच्चीवरच्या जुन्या डिशच्या छत्रीवरून चित्र यायचं, आणि हॉलच्या टीव्हीला इंटरनेटवरून. इंटरनेटचं चित्र कुठून कुठून फिरून येतं, त्यामुळे हॉलमध्ये ते थोडं उशिरा पोचायचं. डॉक्टरांकडे गोल होऊन जायचा, ते एकदाच, गरम भांडं हातातून सुटल्यासारखे ओरडायचे, आणि तेव्हा खाली हॉलमध्ये चेंडू अजून मैदानाच्या मध्यावरच असायचा. चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवण्याइतका वेळ मधे मिळायचा. दिवसभर ओरडायचं काम दुसऱ्यांचं असल्यामुळे डॉक्टरांचा स्वतःचा साठा शिल्लक राहत असावा.

काकांनी दोन सामने खात्री करून घेतली आणि लिहिलं: 'नियम सातवा. डॉक्टर ओरडले की हातातील काम खाली ठेवून वर बघावे.'

नियम लागू झाला आणि हॉलमध्ये न भूतो न भविष्यति अशी शांतता पसरली. मागच्या रांगांत कुणी शिवत होतं, कुणी शेंगा सोलत होतं, कुणी डोळे मिटून बसलं होतं. वरून ओरडा आला, की सगळे एकदम हातातलं खाली ठेवत, चष्मे चढवत आणि माना वर करत. मग सावकाश गोल व्हायचा. सगळ्यांना दिसायचा. मग पुन्हा सुया.

पुढच्या रांगांना मात्र हे जिवंतपणी चटके दिल्यासारखं झालं. वरचा ओरडा त्यांनाही ऐकू यायचाच. पूर्वी त्यांनी तो कसला तरी आवाज म्हणून सोडून दिला होता. आता मागे सुया खाली ठेवल्याची खसफस झाली, की पुढे काय होणार ते कळून चुकायचं. समालोचक अर्धं वाक्य पुढे असायचे, ते आता मागे पडले. एकदा ते ठासून सांगत होते, की हा हल्ला वाया जाणार, आणि मागून शिवणबाई शांतपणे म्हणाल्या, "नाही जाणार."

समितीची तातडीची सभा झाली. डॉक्टरांना खिडकी बंद ठेवायला सांगावं, अशी सूचना आली. उकाड्यात एखाद्याची खिडकी बंद करायचा अधिकार समितीला आहे का, यावर चर्चा झाली. हॉललाही छत्री बसवावी, अशी सूचना आली. पण गच्चीचा विषय गच्चीच्या उपसमितीकडे होता आणि उपसमितीचे दोन्ही सदस्य एकमेकांशी बोलत नव्हते. डॉक्टरांनी थोडं थांबून ओरडावं, असं एकाने सुचवलं. शेवटी एक शिष्टमंडळ वर गेलं. त्यात काकाही होते.

"मी ओरडतो?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते. "मला वाटायचं मी मनातल्या मनात..."

"सगळ्या इमारतीला ऐकू येतं," समालोचक म्हणाले.

"आवाज चांगला असतो," काका घाईघाईने म्हणाले. "स्वच्छ. एकदाच."

डॉक्टरांनी हात जोडले आणि अंतिम सामना खाली हॉलमध्येच येऊन बघायचं कबूल केलं. प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. जिना उतरताना समालोचकांनी वर्षभराचा अबोला मोडून सचिवांना बाजूला घेतलं, आणि सचिवांनी मग काकांना.

"काका, ती छापील आवृत्ती. सातवा नियम गाळावा लागेल. समालोचकही समितीवर आहेत, नाहीतर ते छपाईला मान्यता देत नाहीत."

"पण तो एकच नियम माझा आहे," काका म्हणाले. "बाकीचे सगळे ऐकीव आहेत."

"नाव तर सगळ्यावर तुमचंच राहणार ना."

काका रात्री जेवले नाहीत असं झालं नाही, नेहमीइतकेच जेवले. पण जेवताना काकूंनी दोनदा मीठ पुढे केलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते तसंच परत सरकवलं. ताट उचलताना ते म्हणाले, "एक नियम गेला तर काय बिघडतं. यंत्र चालतंच."

"मला कशाला सांगताय," काकू म्हणाल्या.

छापील आवृत्ती आली. कागद गुळगुळीत होता, मुखपृष्ठावर चेंडूचं चित्र होतं आणि चेंडूच्या वर काकांचं नाव, ठळक. सातव्या नियमाच्या जागी समालोचकांनी सांगितलेला मजकूर होता: 'संपूर्ण वेळ पडद्याकडे एकाग्र लक्ष द्यावे.' काकांनी पुस्तिका उघडली, मिटली, हातभर लांब धरून पाहिली, आणि खोलीत कुणी नाही असं बघून शेवटचं पान उघडलं. तिथेही नाव होतं.

अंतिम सामना संध्याकाळचा होता. हॉल भरून गेला. दारात प्रत्येकाच्या हाती पुस्तिका देण्यात आली, आणि प्रत्येकाने तिने वारा घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर आले, ते इतके संकोचून, की त्यांना पुढे बसवायचा बेत सचिवांनी सोडून दिला आणि अगदी कडेला, भिंतीलगत, काकांच्या शेजारी खुर्ची दिली. शिवणबाई मांडीवर एक भलीमोठी चादर घेऊन मागे बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली.

"काका, डॉक्टर तर खाली आले. मग वर ओरडणार कोण?"

"नवीन सातवा नियम वाचा. पूर्ण वेळ लक्ष द्यायचं आहे."

"ते काही मला जमायचं नाही. चादर उद्या द्यायची आहे."

मागची सगळी रांग काकांकडे बघत होती. त्या माणसांनी त्यांचा प्रत्येक शब्द पाळला होता, तपासणी होईस्तोवर मिठ्या धरून ठेवल्या होत्या. काकांना काय वाटलं कोण जाणे.

"मी सांगेन," ते म्हणाले. "मी ओरडेन. तुम्ही निवांत शिवा."

मागे माना खाली गेल्या. आणि मग काकांच्या लक्षात आलं, की आता आपल्याला सामना बघावा लागणार.

सामना निळे विरुद्ध पांढरे असा होता. पहिला बराच वेळ काकांना इकडून तिकडे पळणारी माणसंच दिसली. शिवणबाईंचं बरोबर होतं, असं त्यांच्या मनात आलं. पण ओरडायची जबाबदारी अंगावर असल्यामुळे त्यांना नजर हलवता येईना, आणि नजर न हलवता बघत राहिलं की कशातही काहीतरी दिसायला लागतं. चेंडू पाण्यासारखा वागतोय, असं त्यांना दिसलं. जिथे जागा मिळेल तिथे जातो. मग त्यांना असं दिसलं, की जागा आधीपासून नसतेच. कुणीतरी ती करून देतं. डॉक्टर शेजारी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते.

"तो अकरा नंबर बघा," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "त्याला चेंडू मिळत नाही, तरी बघा."

काका अकरा नंबर बघू लागले.

पुढे समालोचक उठून उभे राहिले होते. मध्यंतर जवळ आलं होतं आणि पांढऱ्यांचा बचाव फुटणं का शक्य नाही, हे लोकांना समजावणं त्यांना आवश्यक वाटत होतं. ते टीव्हीकडे पाठ करून, हॉलकडे तोंड करून, बरोबर पडद्याच्या मधोमध उभे होते आणि दोन्ही हात पसरून बचावाची भिंत दाखवत होते. पुढच्या रांगांना ती भिंत अगदी स्पष्ट दिसत होती. टीव्ही दिसत नव्हता. कडेच्या दोन खुर्च्यांवरून तेवढा तो दिसत होता.

अकरा नंबरचा निळा पळत सुटला. चेंडू त्याच्याकडे नव्हता, येणारही नव्हता. तो उलट चेंडूपासून लांब, कोपऱ्याकडे पळाला, पण असा पळाला, की जणू आता सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. दोन पांढरे त्याच्यामागे गेले. ते जिथून गेले तिथे, गोलच्या समोर, अंगणभर जागा उघडी पडली. त्या जागेत दुसराच एक निळा आला, सावकाश, दार उघडं दिसलं म्हणून आत आल्यासारखा, आणि त्याने चेंडू आत सारला.

काका उभे राहिले होते. त्यांचं तोंड उघडं होतं. आवाज काही आला नाही.

डॉक्टरही उभे होते. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता.

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. समालोचकांचं वाक्य पुरं झालं, "म्हणून इथून गोल होणं निव्वळ अशक्य," आणि ते बाजूला झाले. टीव्हीत निळे एकमेकांच्या अंगावर पडलेले होते.

नंतर जे झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण ते बराच वेळ चाललं. गोल पुन्हा दाखवला, पण मागच्या रांगांचं म्हणणं पडलं, की शिळं ते शिळं. पुढच्या रांगांनी समालोचकांना जाब विचारला. समालोचकांनी पुस्तिका उघडून सातवा नियम वाचून दाखवला आणि तो आपण पाळला नाही हे वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं. सामन्यात दुसरा गोल झालाच नाही, त्यामुळे भरपाईचीही सोय राहिली नाही. मग राग फिरत फिरत पुस्तिकेवर येऊन बसला. ती सगळ्यांच्या हातात होतीच, आणि वर नाव होतं.

"काका, ओरडणार होतात ना?" शिवणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. सुई हरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"हो. राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"बघत होतो."

सचिवांनी काकांना दारापाशी घेतलं. "काका, आवृत्ती परत घ्यावी लागेल. समितीचं तसं मत आहे. नाव तुमचं आहे, तेव्हा तक्रारीही तुमच्याकडेच येणार. पुढच्या स्पर्धेला कुणाचंच नाव न घालता साधं पत्रक काढू."

इतक्या वर्षांत काकांकडे पंपाची एकही तक्रार आली नव्हती, कारण कुणाला विचारायचं ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली. लोक बाहेर पडताना पुस्तिका परत देत होते. गठ्ठा वाढत होता, आणि सचिव तो पायाने सरळ करत होते.

"चालेल ना?" सचिवांनी विचारलं. त्यांना हुज्जतीची अपेक्षा होती.

"चालेल," काका म्हणाले. ते सचिवांच्या खांद्यावरून हॉलमध्ये बघत होते. "डॉक्टर गेले का हो? मला त्यांना विचारायचं होतं. तो अकरा नंबर मुद्दामच पळाला ना तिकडे?"

सचिवांना ते माहीत नव्हतं.

काकू जिन्याने वर चढल्या तेव्हा काका त्यांच्या पुढे होते. नाव गेल्याचं काकूंनी ऐकलं होतं. काय बोलावं याची त्यांनी दोन मजले जुळवाजुळव केली.

"अहो, मनाला लावून घेऊ नका," दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या.

काका दारासमोर वाकले होते. त्यांनी आपल्या चपला काढून एका ओळीत लावल्या. मग काकूंच्या. मग शेजाऱ्यांच्या दारातले बूट उचलून आणले आणि फरशीवर लांब लांब मांडले.

"हे काय चाललंय?"

"अगं, तू दारात उभी राहा. तू गोलरक्षक. हलू नकोस. हे बूट पांढरे. आता ही चप्पल बघ." त्यांनी शेजाऱ्यांच्या मुलीची एक लहानशी चप्पल उचलली आणि जिन्याच्या कोपऱ्याकडे सरकवत नेली. दोन बूट तिच्यामागे ओढले. मग स्वतःची चप्पल मधल्या मोकळ्या फरशीवरून सावकाश काकूंच्या पायाशी आणून ठेवली. "झाला गोल."

काकूंनी पायाशी आलेल्या चपलेकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या.

"आणि हिने काय केलं?"

"काही नाही. ती नुसती तिकडे पळाली."

"चेंडूला हात तरी लावला?"

"पाय. नाही लावला."

काकू थोडा वेळ फरशीकडे बघत राहिल्या. मोकळी जागा त्यांनाही दिसली असावी.

"नाव काय त्याचं?"

"कुणास ठाऊक," काका म्हणाले. "टीव्हीवर दुसऱ्याचंच घेत होते. थांब, परत दाखवतो." आणि ते बूट उचलून पुन्हा पहिल्या जागी मांडू लागले.